मेन पाडला, मोटर वाचली

नमस्कार सोलापूरकर. आज सेप्सिसबद्दल बोलू. ‘इन्फेक्शन रक्तात गेलं’ म्हणतो ना आपण, तेच. त्यात नुसते जंतू मारत नाहीत. त्यांच्याशी लढताना शरीरच बिथरतं आणि आपलेच अवयव बंद पडतात.

पूर्व भागातले एक जॉबर, म्हणजे यंत्रमागांची देखभाल-दुरुस्ती करणारे. मागात बोट चेचलं. हळद दाबून आठवडाभर कामावर! हळद भाजीत शोभते, जखमेत नाही. पण हे सांगून माझा घसा बसलाय. आणले तेव्हा ताप, धाप, असंबद्ध बडबड, दिवसभर लघवी नाही. अँटिबायोटिक, सलाईन, मग डायलिसिस. रक्तात ऑक्सिजन पुरेसा, तरी किडनी ढिम्म.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, “सायेब, किडनी जळाली का?”

मी उलट विचारलं, “व्होल्टेज पडलं की तुम्ही काय करता?”

“मेन पाडतो. नाहीतर मोटर नुसती हूं हूं करते, फिरत नाही, वाइंडिंग जळतं.”

“किडनीनं मेन पाडलाय.”

ते हसले. “मग लाईट आली की सगळे माग एकदम टाकू नका. एकेक टाका.”

तर ऐका. पेशीतली वीजघरं म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. सेप्सिसमध्ये तीच बिघडतात. ऑक्सिजन दाराशी उभा, आत वीज नाही. लंडनच्या डॉक्टरांनी 2002 मध्ये रुग्णांच्या स्नायूचे तुकडे तपासले. जे दगावले, त्यांच्या स्नायूत ही ऊर्जा कमी होती. म्हणून काहींना वाटतं, पेशी मरत नाहीत, जीव वाचवायला काम थांबवतात. वीजघरापर्यंत थेट पोचणारी मायटोक्यूसारखी औषधं प्राण्यांत उपयोगी दिसली. माणसांत अजून सिद्ध नाहीत. आणि क जीवनसत्त्वाच्या सुया मागू नका, 2022 च्या मोठ्या चाचणीत त्यांच्यामुळे उलट नुकसानच दिसलं. आज हातात आहे ते लवकर पोचणं. पुन्हा सांगतो: ताप, धाप, बडबड, लघवी बंद. यातलं काही जखमेनंतर दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

दोन महिन्यांनी जॉबर चालत आले, काखेत माझ्यासाठी चादर. अस्सल, नाहीतर हल्ली सोलापुरी म्हणून काय काय खपवतात! माग बंद पडून पुन्हा सुरू झाला की कापडावर आडवा पट्टा उमटतो, तो त्यांनी बोटानं दाखवला. मग अंगठा पुढे केला. नखावर तशीच एक आडवी खाच होती.

“हा बघा सायेब,” म्हणाले, “माझा पट्टा.”