वलगणीच्या वाटेवर

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर ठाणे जिल्ह्यातील ओहोळ वाहू लागतात आणि त्या नव्या पाण्याच्या उलट दिशेने मासे वर चढू लागतात. अंडी घालण्यासाठी थेट भातखाचरांपर्यंत जाणाऱ्या या माशांच्या चढणीला इकडे वलगण म्हणतात. ज्या पाण्याच्या चाहुलीने मासा वर निघतो, तेच पाणी आता वाटेत त्याला मारते, आणि त्यामागच्या कारणांपैकी एक कारण शहराच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली आहे.

कल्याण, भिवंडी आणि ठाणे परिसरात म्हशींचे मोठे तबेले आहेत. पूर्ण वाढलेले एक जनावर दिवसाला साधारण 15 ते 20 किलो शेण टाकते आणि जवळपास तितकेच लिटर मूत्र. दोनशे म्हशींचा तबेला धरला, तर एप्रिल आणि मे या दोन महिन्यांतच दोनशे टनांच्या आसपास शेण जमा होते. त्यातले काही खतासाठी उचलले जाते, काही रोजच्या धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जाते आणि उरलेले तबेल्यामागे उघड्यावर, बहुतेकदा नाल्याच्या काठालाच, ढिगाने पडून राहते. कोकणात वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो, त्यामुळे आठ महिने सुकत, साठत गेलेला हा ढीग पहिल्याच जोरदार सरीत फुगतो, फुटतो आणि तपकिरी लोंढा होऊन ओहोळाला मिळतो.

शेण शेताला बळ देते, मग ते पाण्याला इतके घातक का ठरावे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पाण्यातील सूक्ष्मजीव शेण कुजवताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. किती ऑक्सिजन लागेल, याच्या मापाला बीओडी म्हणतात. आंघोळीयोग्य नदीत ही मागणी लिटरला 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असा आपल्याकडील निकष आहे. शहरी सांडपाण्यात ती साधारण दोनशे ते तीनशे असते, तर दाट शेणकाल्यात दहा हजारांच्याही वर जाते. म्हणजे एक लिटर शेणकाला नदीला सोसेल इतका पातळ करायचा, तर तीन हजार लिटरांहून अधिक स्वच्छ पाणी हवे. जूनच्या ओहोळात इतके पाणी कुठून असणार? (कॅन धुताना सांडणारे दूध तर याहूनही कितीतरी पटींनी ऑक्सिजन खाते.) त्यातच मूत्रातून सुटणारा अमोनिया माशांच्या कल्ल्यांवर आघात करतो. अंड्यांनी भरलेली मादी नेमकी याच दिवसांत या पाण्यात शिरते, हे आठवले की मन विषण्ण होते.

पुढचे परिणाम संथपणे होतात. शेणातील नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यात उतरतात, आणि उल्हास नदीवर दरवर्षी पसरणाऱ्या जलपर्णीला ते खाद्य पुरवतात. संसर्ग झालेल्या जनावरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि त्या पाण्यातून जाणाऱ्या माणसाच्या पायाची साधी जखमही त्यांना पुरते. कल्याणजवळ उल्हास खाडीला मिळते, तिथे भरतीचे पाणी आत येते आणि ओहोटीने बाहेर निघालेली घाण पुन्हा मागे लोटते. ही नदी या भागातील अनेक शहरांना पिण्याचे पाणी देते.

दोष एकट्या तबेल्यांचा नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. शहरांचे सांडपाणी आणि वालधुनीसारख्या नद्यांतून येणारी रसायने यांचा भार फार मोठा आहे. परंतु त्या प्रश्नांवर निदान चर्चा होते. तबेल्याचे शेण मात्र ‘नैसर्गिक’ म्हणून नजरेआड राहते.

पशुपालन अवाढव्य झाले की काय होऊ शकते, हे अमेरिकेने पाहिले आहे. 1995 च्या जूनमध्ये उत्तर कॅरोलिना राज्यात जोरदार पावसानंतर डुकरांच्या एका फार्मवरील मलमूत्राच्या तलावाचा बांध फुटला आणि सुमारे साडेनऊ कोटी लिटर घाण न्यू रिव्हर या नदीच्या खोऱ्यात जाऊन मोठ्या प्रमाणावर मासे मेले. तिथल्या नियमांनुसार सातशे किंवा अधिक दुभत्या गाई कोंडून पाळणारा फार्म मोठा मानला जातो, आणि अशा फार्मच्या साठवणीत पंचवीस वर्षांतून एकदा येणारा चोवीस तासांचा पाऊसही मावला पाहिजे.

आपल्याकडे 1974 चा जलप्रदूषण कायदा आहे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दुग्धशाळा व गोशाळांसाठी 2020 मध्ये मार्गदर्शक सूचना काढून 2021 मध्ये त्या सुधारल्या. त्यांची प्रत्यक्ष अंमलबजावणी नाल्याच्या काठावर उभे राहिले की दिसते, किंवा दिसत नाही.

करण्यासारखे पहिले काम मात्र साधे आहे: पावसाचे पाणी शेणाला भेटू द्यायचे नाही. छपराला पन्हळ लावून स्वच्छ पाणी वेगळे वळवावे, ढिगाखाली सिमेंटचा कोबा आणि भोवती बांध घालावा, वर छप्पर असावे, आणि धुण्याचे पाणी टाकीत धरून गोबरगॅससाठी वापरावे. हा खर्च एकट्या तबेलेवाल्यावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही, कारण त्याचे दूध सगळे शहर पिते.

शिवाय या शेणाला मागणीही आहे. मुरबाड आणि शहापूरच्या भातशेतीत उन्हाळ्यात राब भाजतात, म्हणजे रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि गवत पसरून ते जाळतात, आणि उरलेले शेणखत शेतात पडते. ही गरज पावसापूर्वीची आहे, आणि नाल्याकाठचा ढीगही पावसापूर्वीच उचलायला हवा. तबेला आणि ते शेत यांच्यात अंतर आहे ते टेम्पोच्या काही तासांच्या फेरीचे. ती फेरी मे महिन्यात व्हायला हवी.