क्रमांक लिहिला, क्रियापद राहिलं

(केंद्रस्तरीय, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेतील व्याख्यान, संपादित)

शिक्षक बंधू-भगिनींनो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘वार्षिक नियोजन आणि त्याचा आढावा’. आढाव्यावर मी येणारच आहे. पण आधी टाचणवहीतल्या, म्हणजे आपण पाठाचं नियोजन लिहितो त्या वहीतल्या, एका रकान्याबद्दल बोलू द्या, कारण तो रकाना चुकला तर पुढचा आढावा नुसता सह्यांचा होतो.

तो रकाना म्हणजे निष्पत्ती क्रमांक. निष्पत्ती म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला जे करता यायला हवं ते. क्रमांकातले ०५ म्हणजे पाचवी, ७१ म्हणजे गणित, हे इथे कुणाला सांगायला नको. २०१७ मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती झाली, इयत्तावार आणि विषयवार अध्ययन निष्पत्ती आल्या, आपल्या पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांवर छापल्याही गेल्या. आणि आपण काय केलं? धडा तोच, तासिका त्याच, कोपऱ्यात क्रमांक वाढला. किती जणांच्या वहीत असं आहे, हात वर करा... नको, राहू द्या, केंद्रप्रमुख साहेब समोरच बसलेत.

माझं म्हणणं इतकंच आहे की क्रमांकाऐवजी निष्पत्तीतलं क्रियापद लिहा. सममूल्य अपूर्णांकांचंच बघा. पाचवीच्या मुलाने ते ओळखायचे आहेत आणि तयारही करायचे आहेत. क्रियापदं दोन आहेत. वर्गात होतं काय? अंश आणि छेद दोघांना २ ने गुणा, ३ ने गुणा. २/३ चे ४/६, मग ६/९. मुलं पानंच्या पानं भरतात, चाचणीत पैकीच्या पैकी गुण घेतात. हे झालं तयार करणं. आता त्याच मुलापुढे ६/९ आणि ८/१२ ठेवा आणि विचारा, हे सममूल्य आहेत का? ते अडतं. सहाला कुठल्या पूर्ण संख्येने गुणलं की आठ येतात? येतच नाहीत. मूल सांगतं, ‘नाहीत.’ त्याने शिकवलेलं अगदी प्रामाणिकपणे वापरलेलं असतं, म्हणून हे उत्तर मला जास्त लागतं. ओळखायला दोन्ही अपूर्णांक संक्षिप्त करून २/३ पर्यंत यावं लागतं, आणि ते काम आपण दिलेलंच नसतं. वहीत मात्र निष्पत्तीपुढे ‘साध्य’ असा शेरा असतो.

यातली खरी मेख पुढे आहे. सध्याच्या पाचवीच्या पुस्तकात अपूर्णांक आधी येतात आणि विभाज्य-विभाजक त्यानंतर. संक्षिप्त रूप द्यायला सामाईक विभाजक हवा, म्हणजे लागणारं हत्यार नंतर हातात येतं. याला पुस्तकाची चूक म्हणू नका. एका ओळीत प्रकरणं मांडताना कशाला तरी मागे राहावंच लागतं. तो सांधा जुळवणं हेच नियोजन. विभाज्य-विभाजक संपल्यावर दोन तासिका काढायच्या आणि अपूर्णांकांकडे परत यायचं. पुढे दशांश अपूर्णांक आहेत. १/२ म्हणजे ५/१० हे मुलाला उमजलं नसेल तर ०.५ त्याच्यासाठी नुसतं चिन्ह राहतं. अनुक्रमणिका महिन्यांत वाटून केलेल्या नियोजनात या परतीच्या दोन तासिका कधीच सापडत नाहीत.

आता हिशेब. कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० घड्याळी तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. रोज गणिताची एक तासिका धरली तर पाचवीला २०० झाल्या. चाचण्या, पहिल्या सत्राचं संकलित म्हणजे सत्राअखेरचं मूल्यमापन, आणि वार्षिक परीक्षा यांच्या २० वजा करा. स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, प्रशिक्षणं यांच्या आणखी २०. उरल्या १६०. यातल्या २४ बाजूला ठेवा, त्यांवर काहीही लिहू नका, त्या पुन्हा शिकवण्यासाठी. हातात राहतात १३६. प्रकरणं १६, म्हणजे सरासरी साडेआठ, आणि ही सरासरीच घात करते. रोमन संख्याचिन्हांना ३ पुरतात, अपूर्णांकांना १६ सुद्धा कमी पडतात. ज्या निष्पत्तीवर पुढच्या दोन-तीन गोष्टी उभ्या आहेत, तिला तासिका जास्त. कोऱ्या २४ पाहून कुणी ‘नियोजन अपूर्ण’ असा शेरा मारला, तर कृपया हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा. मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे, त्या २४ तासिका गैरहजर शिक्षकांच्या बदली तासांना देऊ नका.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. आढावा आता भरभर घेतो.

एक मोठा कागद घ्या, त्यावर तक्ता आखा. उभ्या बाजूला निष्पत्ती, आडव्या बाजूला प्रकरणं. जिथे ओळख होते तिथे ‘ओ’, सराव होतो तिथे ‘स’, तपासणी होते तिथे ‘त’. रिकामी ओळ म्हणजे ती निष्पत्ती वर्षभरात कुठेच नाही. ‘ओ’ आणि ‘स’ आहेत पण ‘त’ नाही, म्हणजे शिकवलं पण पाहिलं नाही. अशा ओळी सर्वांत जास्त निघतात, बहुतेक वेळा अंदाज करणं, मोजून पाहणं, कारण सांगणं या क्रियापदांच्या. ती लेखी प्रश्नात बसत नाहीत. पण त्यासाठीच तर आकारिकात, म्हणजे शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम आणि प्रात्यक्षिक आहे. २०१० च्या शासन निर्णयाने पाचवी-सहावीला आकारिक ५० आणि संकलित ५० अशी विभागणी दिली होती, ते आकारिकाचे गुण याच कामाला लावा.

तपासताना एका निष्पत्तीवर तीन प्रश्न, आणि प्रत्येकात क्रियापद तेच. तीनपैकी दोन जमले तर साध्य धरा. एकाच प्रश्नावर निकाल देऊ नका, त्यात चुकून बरोबर आलेलंही असतं. चाळीसच्या वर्गात चौदा-पंधरा मुलं अडली असतील तर दोष शिकवण्याच्या रीतीत आहे. पुन्हा सगळ्या वर्गाला घ्या, पण रीत बदलून, कागदाच्या पट्ट्या, संख्यारेषा, काहीही. पाच-सहाच अडली तर वेगळा गट. आणि हे घटक संपल्याच्या आठवड्यातच. मार्चमधला आढावा म्हणजे वरातीमागून घोडं.

द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्तांचे तक्ते शेजारी शेजारी लावा. तिसरीचं मोजमाप आणि चौथीचं मोजमाप एकाच आठवड्यात आलं तर साहित्य एकदाच काढावं लागतं, आणि चौथीतली अडलेली मुलं तिसरीच्या गटात आपोआप उजळणी करतात. हे खरं तर स्वतंत्र तासाचं बोलणं आहे.

शेवटचं, वर्ग पुढे देताना निकालपत्रकासोबत हा तक्ताही द्या. ज्या ओळी राहिल्या त्यांना लाल खूण आणि शेजारी मुलांचे हजेरी क्रमांक. जूनमध्ये पुढच्या शिक्षकाने पहिले दोन आठवडे आधी त्या लाल ओळी घ्यायच्या, पुस्तकाचं पहिलं प्रकरण त्यानंतर. कोऱ्या तक्त्याच्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत, जाताना इयत्तेप्रमाणे एकेक घेऊन जा.