फुगा खाली पडू द्यायचा नाही

[पडद्यावर: लाल फुगा, छताला टेकून हळूहळू खाली येतोय.]

फुगा खाली पडू द्यायचा नाही. खेळ एवढाच.

ब्लुई आणि तिची धाकटी बहीण बिंगो घरभर धावताहेत. पोरींना जमायला लागलं तसा बाबा खेळ मुद्दाम अवघड करतो. तरी नियम म्हणजे नियम. सात मिनिटांचा भाग, आणि सगळा जीव त्या फुग्यात.

'ब्लुई' ही कार्टून मालिका ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये तयार होते. २०१८ साली ती सुरू झाली. पात्रं कुत्र्यांची, खेळ, रुसवे, भांडणं माणसांच्या लेकरांची. ती घडवणारे जो ब्रम दोन मुलींचे वडील. सुरुवातीला ब्लुई सहा वर्षांची, बिंगो चार. पण धाकटी म्हणून लेखक बिंगोला कच्चं लिंबू करत नाही. तिचा डावही तेवढाच खरा.

लहान मूल दाखवायचं म्हणजे त्याला बोबडं बोलायला लावायचं, ही सवय मला पटत नाही. 'ट'चा 'त' केला की पात्र गोड होतं, खरं होत नाही. मुलाची खरी चूक ऐकायची असेल तर आपल्याच घरात कान द्या. तीन वर्षांचं पोर म्हणतं, ''बाबा येला.'' म्हणतं, ''मी करलं.'' बसला, उठला, पडला. मग येला का नाही? हा नियम त्याला कुणी शिकवलेला नसतो. त्याने तो स्वतः शोधला आणि इमानाने सगळीकडे लावला. फुग्यामागे धावणाऱ्या पोरींचं इमान याच जातीचं आहे.

[पडद्यावर: ध्वनिमुद्रणाचा जुना मायक्रोफोन.]

अमेरिकेत १९६५मध्ये 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस' हा कार्टूनपट दूरचित्रवाणीवर आला. त्यात खऱ्या मुलांचे आवाज घेतले होते. चार्लीच्या धाकट्या बहिणीचा, सॅलीचा, आवाज देणाऱ्या मुलीला तर अजून वाचताही येत नव्हतं. मोठ्यांनी ओळीचा तुकडा सांगायचा, तिने तेवढाच म्हणायचा, मग तुकडे जोडायचे. सॅलीच्या बोलण्यातले ते सांधे नीट ऐकलं तर आजही कानाला लागतात. मला ते फार आवडतात.

'ब्लुई'तल्या दोघी बहिणींना आवाज दिलाय तो मालिकेत काम करणाऱ्या माणसांच्याच मुलांनी. श्रेयनामावलीत त्यांची नावं देत नाहीत. मालिका देशोदेशी घराघरांत रोज लागते, आणि ही पोरं कोण, ते पाहणाऱ्यांना ठाऊक नसतं.