काहुइताचे वाटाडे

आयोजकांनी मला "परदेशातलं किनारी पर्यटन" असा विषय दिला होता. तो मला झेपणारा नाही, म्हणून मी एकाच गावाबद्दल बोलणार आहे. समोर गुहागर, आंजर्ले, वेळास इथली मंडळी बसलेली दिसतात. बऱ्याच जणांची घरगुती निवासाची सोय आहे, काही जण पाहुण्यांना घेऊन कासवांच्या किनाऱ्यावर जातात. हे गाव तुम्हाला ओळखीचं वाटेल, असा माझा अंदाज आहे.

गावाचं नाव काहुइता. मध्य अमेरिकेत कोस्टा रिका हा देश आहे, त्याच्या एका अंगाला प्रशांत महासागर आणि दुसऱ्या अंगाला कॅरिबियन समुद्र. काहुइता या दुसऱ्या अंगाला, लिमोन बंदराच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर. गाव कसलं, दोन-चार रस्ते! ते जिथे संपतात तिथे केली क्रीक नावाचा ओढा आहे. ओढ्यावरचा छोटा पूल ओलांडला की राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. म्हणजे पानाच्या टपरीवरून उठावं आणि थेट अभयारण्यात पाय ठेवावा, इतकं जवळ.

पहिल्या दिवशी आम्ही गाईड घेतला नाही. पायवाट एकच, ती समुद्राला धरून जाते, वाटेवर पाट्या आहेत, मग चुकणार कुठे, हा आमच्या घरातला हिशेब. आठेक किलोमीटरची ती वाट आम्ही साडेतीन तासांत पार केली. काय पाहिलं? पुष्कळ खेकडे पाहिले, आणि एक रॅकून पाहिला. तो रॅकून आम्हाला आधीपासूनच पाहत असावा, कारण पिशवी खाली ठेवून मी बुटाची नाडी बांधेपर्यंत आमचा बिस्किटांचा पुडा झाडीत गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी मुकाट्याने गाईड घेतला. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर तिपाई आणि दुर्बीण. त्याने पहिल्या तासात आम्हाला जेमतेम चारशे मीटर नेलं. सुरुवातीला मी मनातून वैतागले होते. मग तो एका झाडाखाली थांबला आणि दुर्बीण लावून म्हणाला, बघा. फांदीच्या बेचक्यात मळकट गोणपाटाचं बोचकं अडकलंय असं दिसत होतं. त्या बोचक्याने हळूच मान वळवली. तो स्लॉथ होता, झाडाला लटकून राहणारा अतिशय संथ प्राणी, तीन बोटांचा. त्याच्या केसांत शेवाळ वाढतं, म्हणून रंग झाडासारखाच हिरवट. पोटाशी पिल्लू होतं, म्हणजे खरं तर ती होती. आदल्या दिवशी याच झाडाखाली उभं राहून आम्ही पाणी प्यायलो होतो.

आणखी पन्नास पावलांवर त्याने हात आडवा धरून सगळ्यांना थांबवलं. वाटेच्या कडेला, बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, एका पानाच्या देठाशी हळदीसारखा पिवळाधमक साप वेटोळं करून बसला होता. आपल्या चापडा सापाचा लांबचा भाऊ म्हणा. डोळ्यांवर पापणीसारखे खवले असतात, विषारी असतो, आणि सावज येईल म्हणून दिवसेंदिवस एकाच जागी बसून राहतो. दिवसेंदिवस, हे ऐकल्यावर मी हिशेब केला. काल मी त्याच्या हातभर अंतरावरून गाणं गुणगुणत गेले असणार.

ही नजर येते कुठून? कोस्टा रिकात गाईडला पर्यटन खात्याचा परवाना लागतो, त्यासाठी अभ्यासक्रम असतो, परीक्षा असते. पण नजर अभ्यासक्रमातून येत नाही. तिच्यासाठी गावाच्या इतिहासात शिरावं लागतं.

काहुइताची वस्ती कासवांमुळे झाली. १८२८ साली विल्यम स्मिथ नावाचा एक कृष्णवर्णीय कासवमार दक्षिणेकडून, आजच्या पनामातल्या बोकास देल तोरोहून, हंगामापुरता इथे येऊ लागला आणि पुढे कुटुंबासह इथेच राहिला. त्याच्यामागून आणखी आले. बरीच वर्षांनी, १८७१ पासून, लिमोनच्या रेल्वेचं काम निघालं, तेव्हा जमैकातून मजूर आणले गेले, आणि त्यातली काही घरंही या किनाऱ्यावर स्थिरावली. म्हणून देश स्पॅनिश बोलणारा, पण काहुइतातली जुनी माणसं आपसांत एक वेगळ्याच वळणाची इंग्रजी बोलतात. भेटल्यावर म्हणतात "व्हाप्पन", म्हणजे काय चाललंय. मला हे लगेच आवडलं, कारण आपणही भेटल्यावर "काय, कसं काय?" म्हणतो आणि उत्तराची वाट पाहत नाही.

जुने लोक सांगतात, कासवमार जिथे तळ टाकायचे तिथे नारळ लावायचे. माडांची गंमत अशी की ते मूळचे तिथले नाहीतच. नारळाच्या जनुकांचा अभ्यास झालेला आहे. अटलांटिकच्या बाजूचे माड हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरच्या, म्हणजे आपल्याकडच्या कुळातले निघाले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांनी ते आधी आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवर आणि तिथून पलीकडे नेले. त्यामुळे तिथल्या वाळूत बसून मला हर्णैला, माहेरी असल्यासारखं वाटत होतं, ते निव्वळ हळवेपण नव्हतं. किनाऱ्यावरचं बदामाचं झाडसुद्धा आशियातूनच गेलेलं. जेवणाचं तर विचारूच नका. तिथला भात आणि राजमा नारळाच्या दुधात शिजतो. आलं, गूळ आणि लिंबाचं एक सरबत असतं, त्याला ते "बेडकाचं पाणी" म्हणतात. नाव सोडलं तर आपल्या घरचंच.

कासवांनंतर कोको आला. घरटी कोकोची बाग, तीच वर्षाची बेगमी. १९७८-७९ मध्ये मोनिलिया नावाची बुरशी आली आणि कोकोची फळं झाडावरच कुजून पांढरी पडली. एका-दोन हंगामांत बागा बसल्या. इथल्या आंबा-काजूवाल्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. त्याच काळात चांगला रस्ता झाला होता, आणि १९७० पासून शेजारचं रान आणि समुद्र सरकारने राखीव केलेला होता. म्हणजे बाग गेली, आणि शिकारीच्या, मासेमारीच्या जुन्या जागांवर बंधनं आली. उरलं काय? रानाची माहिती. कुठल्या झाडाला कधी फळ धरतं, कुठल्या फळावर कोण येतं, वारा फिरला की पाणी कुठे गढूळ होतं. बाप ज्या नजरेने शिकार शोधायचा, त्याच नजरेने मुलगा पाहुण्यांना स्लॉथ दाखवायला लागला. आमचा गाईड कोकोच्या बागेत वाढलेला होता. स्लॉथ कसा दिसतो ते विचारल्यावर म्हणाला, मी स्लॉथ बघतच नाही, मी झाड बघतो आणि झाडात काय जास्तीचं आहे ते बघतो.

आता १९९४ची गोष्ट. ती मी मुद्दाम सांगणार आहे, कारण माझ्या मते या गावाचं सगळं मर्म तिच्यात आहे. त्या वर्षी कोस्टा रिकाच्या सरकारने राष्ट्रीय उद्यानांसाठी परदेशी पाहुण्यांचं प्रवेशशुल्क एकदम १५ डॉलर केलं. काहुइताला आलेला पाहुणा झोळी खांद्याला मारून फिरणारा, काटकसरी. तो एवढं देणार नाही, पुढच्या गावाला निघून जाईल, हे गावाने ओळखलं. मग गावकऱ्यांनी काय केलं, केली क्रीकच्या फाटकावरची चौकी ताब्यात घेतली आणि पाहुण्यांना सांगितलं, जा आत, जे मनाला येईल ते पेटीत टाका. सरकारला हे रुचण्यासारखं नव्हतंच. पण बोलणी झाली, आणि शेवटी सरकार आणि गाव यांची एकत्र समिती होऊन उद्यानाचा कारभार त्या समितीकडे आला. आजही केली क्रीकच्या बाजूने गेलात तर देणगी ऐच्छिक, आणि दुसऱ्या टोकाला प्वेर्तो व्हार्गासच्या फाटकावर ठरलेलं तिकीट. एकाच जंगलाची दोन दारं! आपल्याकडे एखाद्या गावाने असं फाटक ताब्यात घेतलं असतं तर काय झालं असतं, ते तुम्हीच मनात आणा. मला इतकंच दिसलं की तिथला गाईड पाहुण्याला दटावतो ते मालकासारखं. माकडाला केळं देऊ लागलेल्या एका गृहस्थांचा हात त्याने सरळ धरला होता.

समुद्राकडे येऊ. काहुइताच्या भूशिरासमोर प्रवाळाचा कट्टा आहे, आणि या उद्यानातला समुद्राचा भाग जमिनीच्या वीसेक पट मोठा आहे. नळी आणि चष्मा लावून प्रवाळ पाहायला जायचं असेल तर परवानाधारक स्थानिक गाईड बरोबर असलाच पाहिजे, असा नियम आहे. मला पोहता येतं म्हणून चालत नाही. नियम कडक का, तर कट्टा दुबळा झालेला आहे. वरच्या बाजूला जंगल तुटून केळीचे मळे झाले, त्यांची माती नद्यांतून येऊन प्रवाळावर बसते. त्यातच २२ एप्रिल १९९१ रोजी लिमोनचा मोठा भूकंप झाला. किनारा काही ठिकाणी मीटरभर आणि त्याहून जास्त वर उचलला गेला. प्रवाळ पाण्याबाहेर आलं ते कायमचं, आणि उन्हात मेलं. ते पांढरे खडक अजून तिथे दिसतात. पाणी निवळ असतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरात, जेव्हा बाकीच्या देशात धो धो पाऊस असतो. तिकिटं काढणाऱ्या एजंटाला हे सहसा माहीत नसतं. आम्ही जुलैत गेलो होतो, आणि तीन दिवस गाईड सकाळी समुद्राकडे बघून नुसता "नाही" म्हणत होता. बुकिंगचे पैसे त्याने घेतलेलेच नव्हते. पाणी बघितल्यावर घेईन, ही त्याची पद्धत.

चौथ्या दिवशी गेलो. पाण्यात त्याची भाषा हातांची. बोट दाखवलं की बघायचं, मूठ वळली की लांब राहायचं. मूठ वळली ती लायनफिशसाठी. पट्ट्यापट्ट्यांचा, पिसाऱ्यासारख्या काट्यांचा सुंदर मासा, पण काटे विषारी, आणि हाही मूळचा आपल्या बाजूच्या समुद्रांतला. कॅरिबियनमध्ये त्याला खाणारं फारसं कोणी नाही, म्हणून तो तिथल्या लहान माशांचा फडशा पाडत सुटलाय. गावातले पाणबुडे तो भाल्याने मारतात आणि तळून खातात. मी खाल्ला. पापलेट नव्हे, पण वाईटही नाही.

आणि पुढे त्याने बोट दाखवलं ते वाळूतल्या विटांकडे. पाण्याखाली विटांची रास, इथे बुडालेल्या दोन जहाजांवरची. या बुडालेल्या जहाजांना गावात पिढ्यान्‌पिढ्या चाच्यांची जहाजं म्हणत आले. गावातल्या पोरांनी एक सामूहिक पाणबुडी केंद्र काढलं, पाण्याखालचं उत्खनन कसं मोजायचं, नोंदवायचं ते शिकली, आणि या जहाजांच्या मागे लागली. पिवळ्या विटा चाच्यांच्या जहाजावर कशाला, हा प्रश्न तज्ज्ञांनाही पडला. २०२३ साली डेन्मार्कच्या पुरातत्त्वज्ञांनी इथे खणून विटांचे, लाकडाचे नमुने नेले, आणि २०२५ साली निकाल जाहीर झाला. ही चाच्यांची जहाजं नव्हेतच. फ्रेडरिकस क्वार्तुस आणि ख्रिश्चनुस क्विन्तुस ही दोन डॅनिश गुलामवाहू जहाजं १७१० साली इथे बुडाली होती. एकाला आग लावली गेली, दुसऱ्याच्या नांगराचा दोर कापला गेला, आणि आफ्रिकेतून धरून आणलेली शेकडो माणसं या किनाऱ्यावर उतरली. विल्यम स्मिथच्या शंभराहून अधिक वर्षं आधी. म्हणजे गावाचा पहिला रहिवासी कोण, हा प्रश्न तिथल्या पोरांनी स्वतः पाण्यात उतरून पुन्हा उघडला. आता त्या विटांवरून पोहताना गाईड थांबतो आणि थोडा वेळ कुठेच बोट दाखवत नाही.

योर्किन गावाबद्दल बोलायचं होतं, पण घड्याळ पुढे गेलंय, थोडक्यात सांगते. काहुइताहून आत डोंगराकडे तालामान्का भागात ब्रिब्री या आदिवासी लोकांची गावं आहेत. योर्किनला लाकडी होडीतून नदीने वर जावं लागतं, एका तीरावर कोस्टा रिका, दुसऱ्यावर पनामा. तिथे पाहुण्यांची व्यवस्था बायकांच्या स्तिब्राव्पा नावाच्या संघटनेने उभी केली. ब्रिब्रींमध्ये कूळ आईकडून चालतं, आणि विधीचा कोको बाईनेच करायचा असतो. पाट्यावर कोको वाटणाऱ्या त्या बाईने माझ्या हाताकडे बघून वरवंटा मला दिला. वाटण कसं करायचं ते मला शिकवावं लागलं नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

मघाशी कोणीतरी विचारलं की पाहुण्याला नेमकं काय दाखवायचं. त्याला एक प्रसंग सांगते. स्लॉथ आठवड्यातून साधारण एकदाच शी करायला झाडावरून खाली उतरतो. आमच्या गाईडला ती पिल्लूवाली शेवटची कधी उतरली ते ठाऊक होतं. तो म्हणाला, गुरुवारी सकाळी या, जमलं तर बघू, याचे पैसे नकोत. गुरुवारी आम्ही सहाला झाडाखाली जाऊन बसलो. डास होते. नऊ वाजले, दहा वाजले. तिखट खिम्याचं सारण भरलेल्या करंज्या, तिकडे त्यांना "पाती" म्हणतात, तो घरून घेऊन आला होता, त्या खाल्ल्या. कोणी फारसं बोललं नाही. साडेदहाला तिने एक हात लांब केला, आमचा श्वास अडकला, तिने पाठ खाजवली आणि पुन्हा झोपली. गाईड तिपाई मिटत म्हणाला, बहुधा उद्या.

आमची बस दुपारची होती.