पाच लाखांच्या आकड्यात काय बसत नाही

(सोलापुरातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सरकारी आरोग्य विम्याचा वाद निघाला की गाडी एकाच प्रश्नावर अडते: संरक्षण किती लाखांचे? २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या पहिल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपले सोलापूर होते. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळत. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, आणि १ जुलै २०२४ पासून मर्यादा ५ लाख झाली. आता रेशनकार्ड पिवळे, केशरी की पांढरे, हेही कोणी विचारत नाही.

मर्यादा वाढवणे सरकारला तुलनेने स्वस्त पडते, हे या वादात कोणी बोलत नाही. योजनेचा खर्च ठरतो तो रुग्णांची संख्या गुणिले सरासरी पॅकेज (म्हणजे एका उपचारामागे रुग्णालयाला द्यायची ठरलेली रक्कम) असा. एका वर्षात दीड लाखाच्या वर जाणारी कुटुंबे थोडी असतात. त्यांच्यासाठी ५ लाख म्हटले तरी एकूण बेरीज फारशी हलत नाही. पॅकेजचे दर १० टक्क्यांनी वाढवले तर मात्र प्रत्येक ऑपरेशनमागे १० टक्के जास्त मोजावे लागतात. म्हणून घोषणा मर्यादेची होते आणि दर मागे राहतात.

याचा परिणाम वॉर्डात दिसतो. ज्या पॅकेजमध्ये परवडते ती ऑपरेशने लगेच होतात, ज्यात परवडत नाही तिथे ‘सध्या बेड नाही’. किंवा ‘योजनेतला रॉड साधा असतो, चांगला हवा तर वरचे पैसे भरा’ असे नातेवाइकाला बाजूला घेऊन सांगतात. मंजूर उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. औषधे, तपासण्या, जेवण आणि घरी जायचे भाडेसुद्धा पॅकेजमध्येच धरलेले असते. पैसे मागितले तर आधी पावती मागा. पावती द्यायची वेळ आली की पुष्कळदा मागणी विरते. नाही विरली तर आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला, सांगा आणि १५५३८८ वर तक्रार नोंदवा.

दुसरी अडचण कागदांची, आणि ती सोलापुरात जरा जास्तच. इथे तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरे आहेत. एकच आडनाव रेशनकार्डावर एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असते. नव्या सुनेचे नाव आधारवर सासरचे, रेशनकार्डावर नावच नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री हे दुरुस्त होत नसते. घरी सगळे धडधाकट असतानाच रेशनकार्ड ऑनलाइन दिसते का आणि प्रत्येकाचे नाव आधारशी जुळते का, ते पाहून ठेवा. कलबुर्गी-विजयपूरकडून उपचाराला येणाऱ्या पाहुण्यांना तुमच्या कार्डावर दाखल करता येत नाही, हेही सांगून टाकतो.

आता खासगी पॉलिसी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. २०,००० च्या हप्त्यावरचे ३,६०० रुपये वाचले, बरे झाले. पण कंपनीला स्वतःच्या खर्चावरच्या कराची वजावटही त्याबरोबर गेली, त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळी मूळ हप्ता किती वाढला ते तपासा.

खरा खिसा कापला जातो तो खोलीभाड्याच्या कलमात. समजा ३ लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला त्याच्या १ टक्का, म्हणजे ३,०००. तुम्ही ५,००० ची खोली घेतली, ५ दिवस राहिलात. खोलीचे २५,०००, सर्जन, थिएटर आणि व्हिजिट मिळून ८०,०००, औषधे-तपासण्या ३०,०००, बिल १,३५,०००. लोकांना वाटते, खोलीचा फरक १०,००० आपण भरू. तसे होत नाही. खोली पाचास तीन या प्रमाणात मंजूर झाली की ८०,००० चेही ४८,०००च होतात. औषधे आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. कंपनी देणार ९३,०००, तुम्ही ४२,०००. हातमोजे-मास्क वगैरेंची वजावट त्यावर आणखी. दाखल होताना ‘कोणती खोली हवी?’ या प्रश्नाचे उत्तर पॉलिसी वाचलेल्या माणसाने द्यावे.

डिस्चार्जच्या दिवशी ताटकळत बसणाऱ्यांसाठी एक सांगतो. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा पहिला निर्णय १ तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची असते. उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा. रुग्णालयाने अंतिम बिल किती वाजता पाठवले ती वेळ लिहून घ्या, नाहीतर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान नाही झाले तर पुण्याचे विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

पण विडी वळणाऱ्या बाईचा किंवा लूमवरच्या कामगाराचा खर्च बघा. बीपी-शुगरच्या गोळ्या, दर महिन्याची तपासणी, आजारपणात बुडालेली मजुरी. यातले ५ लाखांच्या कार्डात काहीच बसत नाही, कारण ते कार्ड मुख्यतः दाखल झाल्यावरच चालते. या गोष्टी देणारी एक जुनी योजना आहे, कामगार राज्य विमा, आणि तिच्यावर वाद घालायला कोणाला वेळ नाही. त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि औषधे मिळतात. आजारपणात पात्र कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के मिळतात. हप्ता पगारावर: कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन. १२,००० पगाराला कामगाराचे ९० रुपये, मालकाचे ३९०.

अट एका ठिकाणी किमान १० कामगारांची आहे आणि पगाराची मर्यादा २१,०००. एकाच शेडमधले लूम दोन-तीन नावांवर वाटले की कोणत्याच नावावर १० कामगार भरत नाहीत. घरी बसून विड्या वळणारीची हजेरी तर कारखान्यात लागतच नाही. सुधारणेवर खर्च करायचाच असेल तर माझ्या मते पहिला रुपया इथे जावा. लहान शेडमधल्या मालकाचा हप्ता काही वर्षे सरकारने भरावा. यंत्रमागवाले म्हणतील, धंद्यात आधीच दम नाही. खरे आहे, म्हणूनच सरकारने भरावा म्हणतो.

आणि ज्यांच्या पगारातून हे पाऊण टक्के आधीच कापले जातात, त्यांनी आपला विमा क्रमांक मालकाकडून मागून घ्या आणि त्यावर हप्ते जमा होतात का, बघा. आजारपणाच्या पैशांसाठी सहामाहीत ७८ दिवसांचा हप्ता भरलेला लागतो. एप्रिल ते सप्टेंबरची एक सहामाही, ऑक्टोबर ते मार्चची दुसरी.