श्वास सोडल्यावर जे दिसतं

इंदूर, रामबाग. सकाळचे सहा. काकू पोह्यांना फोडणी देतायत. काका खुर्चीत ताठ बसून नळीत जोरात फुंकतात, आकडा बघतात आणि वहीत लिहितात. चेन्नईत नवं फुफ्फुस मिळालं, तेव्हापासून संसर्गाच्या भीतीनं बाहेरचे पोहे बंद. घरच्या पोह्यांवर जिरावण, म्हणजे इंदुरी मसाला, मात्र हवाच.

वहीतला आकडा म्हणजे एफईव्ही-१. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, एवढंच तो सांगतो. प्रत्यारोपणानंतरच्या सर्वोत्तम पातळीपेक्षा तो २० टक्के किंवा अधिक घसरला आणि वर आलाच नाही, तर डॉक्टर सावध होतात. शरीर नवं फुफ्फुस हळूहळू नाकारत असू शकतं.

पण काकांचं एकच फुफ्फुस बदललंय. दुसरं जुनंच, फायब्रोसिस या आजारानं व्रण पडून आक्रसलेलं. आकडा दोघांचा मिळून एक. खोट कोणत्या बाजूला, हे तो कसं सांगणार? काकांनाही ते जाणवेलच असं नाही. शस्त्रक्रियेत मज्जातंतू तुटतात, त्यामुळे नव्या फुफ्फुसातून खोकल्याची उबळ पूर्वीसारखी येत नाही.

म्हणून सीटी स्कॅन. एकदा छाती भरून, एकदा श्वास सोडून. मला विचाराल तर खरं मोलाचं ते दुसरं चित्र. हवा निघून गेली की निरोगी फुफ्फुस राखाडी दिसतं. जिथे बारीक श्वासनलिका आतून बुजत आल्यात, तिथे हवा अडकते आणि तेवढा भाग काळाच राहतो. दोन मिलिमीटरहून बारीक या नलिका स्कॅनमध्ये धड दिसत नाहीत. दिसते ती त्यांच्यामागे कोंडलेली हवा.

श्वास अर्धवट सोडला तर चित्र फसवं येतं. म्हणून काकू आठवडाभर घड्याळ घेऊन काकांना पलंगावर निजवतायत. ‘अजून सोडा. अजून. आता धरा.’

याहून पुढची वाट झेनॉन वायूची. लेझरच्या मदतीनं त्याचा चुंबकीय संकेत हजारो पटींनी वाढवतात. रुग्ण तो श्वासात ओढून काही सेकंद श्वास रोखतो आणि एमआरआयमध्ये वायू पोचलेला भाग उजळतो. क्ष-किरण नाहीत. १९९४ साली उंदराच्या फुफ्फुसाचं असं चित्र मिळालं; अमेरिकेत रुग्णांसाठी मंजुरी यायला डिसेंबर २०२२ उजाडला.

काकांच्या हाती आज सीटीच आहे. पडद्यावर दोन वर्षांची चित्रं शेजारी-शेजारी लागतात. नवी बाजू राखाडी. खाली पाठीकडे नखाएवढा एक काळा ठिपका.

मागच्या वर्षीही तो तेवढाच होता.