चाळीस मिनिटांची मोटर आणि सी मधला इंट

मित्रांनो, आपल्या भागात शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट बहुतेक वावरातलेच असतात. संत्र्याच्या बागेतल्या ठिबकचा टायमर, विहिरीवरच्या मोटरीचा कंट्रोलर, कापसाचा वजनकाटा. लॅपटॉपवर प्रोग्राम बरोबर चालतो आणि बोर्डावर चढवला की भलतंच वागतो. मग सेन्सर बदलला जातो, वायरी बदलल्या जातात, पॉवर सप्लायवर संशय घेतला जातो. त्याआधी तुमच्या सी कोडमध्ये 'इंट', म्हणजे पूर्णांक ठेवायचा टाइप, कुठे कुठे आहे ते शोधा.

ठिबकचा टायमर घेऊ. मिनिटं एका इंटमध्ये आहेत. वेळ मिलिसेकंदांत हवी, म्हणून मिनिटं गुणिले ६० गुणिले १००० असं लिहिलं आणि उत्तर ३२ बिटांच्या अनसाइन्ड, म्हणजे उणे आकडे न घेणाऱ्या, व्हेरिएबलमध्ये ठेवलं. लॅपटॉपवर उत्तर बरोबर येतं, कारण तिथे इंट ३२ बिटांचा आहे. अर्डुइनो उनो आर३ या छोट्या कंट्रोलर बोर्डावर (पुढे नुसतं उनो) इंट १६ बिटांचा असतो, त्यात ३२७६७ च्या वर काही मावत नाही. १० मिनिटांचे ६००००० व्हायला हवेत, तिथे वरचे बिट गळून १०१७६ उरतात. मोटर १० सेकंदांत बंद. ४० मिनिटं दिली तर उणे २४८३२ येतात, ते अनसाइन्डमध्ये गेले की ४२९४९४२४६४ होतात, म्हणजे जवळपास ५० दिवस. मोटर बंदच होत नाही.

इथे नीट लक्ष द्या. उत्तर ठेवायला मोठं व्हेरिएबल घेतलं होतं, तरी चुकलं. गुणाकार कोणत्या टाइपमध्ये व्हायचा ते गुणले जाणारे दोन आकडे ठरवतात, बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडचं व्हेरिएबल नाही. म्हणून मिनिटं आधीच ३२ बिटांच्या अनसाइन्ड टाइपमध्ये घ्या आणि स्थिरांकाला यूएल (अनसाइन्ड लाँग) लावा: ६०यूएल, १०००यूएल. शिवाय वर सांगितलेले आकडे बहुधा येतील इतकंच. साइन्ड पूर्णांक ओसंडला तर काय व्हावं हे सीच्या मानकाने ठरवलेलंच नाही, कंपायलर तिथे काहीही करायला मोकळा आहे.

मानक फक्त किमान माप सांगतं: इंट किमान १६ बिट, लाँग किमान ३२, लाँग लाँग किमान ६४. ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा असतो, ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ चाच. म्हणून जिथे माप महत्त्वाचं आहे, म्हणजे रजिस्टर, ईईप्रॉममधली (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतली) नोंद, वायरीवरून जाणारा डेटा, तिथे १९९९ च्या मानकात आलेली स्टडइंट डॉट एच ही हेडर फाइल वापरा. यूइंट८_टी, इंट१६_टी, यूइंट३२_टी ही नावं तिथे तयार आहेत. अॅरेची लांबी मात्र साइझ_टी मध्येच ठेवा. तो अनसाइन्ड आहे, त्यामुळे 'आय शून्याहून मोठा किंवा समान' असा उलटा लूप कधीच थांबत नाही.

यावर आपली स्वतःची एकच हेडर फाइल असावी. तिच्यात टाइपडेफ, म्हणजे टाइपला दिलेली दुसरी नावं, मापाचे नकोत, अर्थाचे हवेत. यूइंट३२_टी ला पुन्हा 'यू३२' म्हणून फारसं काही साधत नाही. 'वजन_ग्रॅम' म्हटलं तर एकक नावातच येतं. एक क्विंटल कापूस म्हणजे १००००० ग्रॅम. १६ बिटांत अनसाइन्ड घेतलं तरी ६५५३५ च्या पुढे जाता येत नाही, म्हणून हा टाइप ३२ बिटांचाच. नावाच्या शेवटी _टी लावू नका, पॉसिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकाने ती जागा स्वतःसाठी राखून ठेवली आहे. आणि टाइपडेफ हा नवा टाइप नसतो. ग्रॅममध्ये मिलिसेकंद मिसळले तर कंपायलर हूं की चूं करणार नाही, ते तुम्हालाच बघावं लागेल. मापाबद्दलची गृहीतं मात्र कंपायलरकडून तपासून घेता येतात. सी११ (२०११ चं मानक) पासून कंपाइल होतानाच अट तपासणारा स्टॅटिक असर्ट आहे. नोंदीचा स्ट्रक्ट (एकत्र बांधलेली व्हेरिएबलं) ८ बाइटांचाच आहे हे त्यात लिहा. एक बाइट आणि ३२ बिटांचा पूर्णांक शेजारी ठेवले की ३२ बिटांच्या प्रोसेसरवर मध्ये सहसा ३ बाइट रिकामे सुटतात, उनोवर सुटत नाहीत.

ट्रू आणि फॉल्स स्वतः डिफाइन करू नका. ट्रू म्हणजे १ असं ठरवून 'उत्तर ट्रूइतकंच आहे का' असं तपासलं की घोळ होतो, कारण इझडिजिटसारखी (अक्षर अंक आहे का ते सांगणारी) फंक्शनं खऱ्यासाठी शून्य सोडून काहीही परत देतात. यूइंट८_टी ला बूल म्हणणं त्याहून वाईट: २५६ किमतीचा फ्लॅग त्यात टाकला की शून्य होतो. स्टडबूल डॉट एच मधला बूल त्याच फ्लॅगचं १ करतो. सी२३ मध्ये तर बूल, ट्रू, फॉल्स हे कीवर्डच आहेत. नल (रिकामा पॉइंटर) हाही स्टडडेफ डॉट एच मधूनच घ्या. कॅर, म्हणजे एका अक्षराचा टाइप, साइन्ड की अनसाइन्ड हेही पक्कं नाही. इंटेलवर तो सहसा साइन्ड, आर्म लिनक्सवर अनसाइन्ड. एक अक्षर वाचणाऱ्या गेटकॅरचं उत्तर कॅरमध्ये ठेवलं तर आर्म लिनक्सवाल्या रास्पबेरी पायवर ईओएफ, म्हणजे इनपुट संपल्याची खूण, कधी सापडतच नाही. ते इंटमध्ये घ्या.

स्थिरांकाचं म्हणाल तर मॅक्रोतली बेरीज कंसात हवी. १० अधिक २ उघडं ठेवून पुढे ३ ने गुणलं तर ३६ ऐवजी १६ येतात. कॉन्स्ट इंट हा सी मध्ये स्विचमधल्या केसच्या लेबलला चालत नाही, तिथे एनम (नावं दिलेले पूर्णांक) बरा. पण सी२३ आधीच्या मानकात एनमची किंमत इंटमध्ये मावायला लागते, म्हणून उनोवर क्विंटलचे ग्रॅम त्यात नकोत. आणि आकड्याआधी उगाच शून्य देऊ नका. नागपूरचा एसटीडी कोड ०७१२ पूर्णांक म्हणून लिहिला तर सी तो अष्टमान समजून ४५८ वाचतो. असे कोड स्ट्रिंगमध्येच ठेवा.

नोंदीतल्या वेळेचा टाइप आजच ठरवा. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या साइन्ड टाइपमध्ये १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतात, आणि पुढची नोंद १९०१ ची दिसते. उनोचा ईईप्रॉम १ किलोबाइटचाच आहे, तिथे चार बाइट वाचवायचे असतील तर यूइंट३२_टी घ्या, तो २१०६ पर्यंत पुरतो. जागा असेल तिथे इंट६४_टी.